चकतीचा सातबारा

जेट इंजिनाच्या पोटात टर्बाइनची चकती असते. निकेलच्या मिश्रधातूची, घडाई करून आणि मग यंत्रावर कातून काढलेली. तिच्या कडेला खाचा आणि त्या खाचांत पाती. ठरलेली उड्डाणे पूर्ण झाली, समजा वीस हजार, की ती इंजिनातून काढतात. तपासली तर बहुतेक वेळा तिच्यावर केसाएवढीही भेग सापडत नाही. मापे शाबूत, वजन तेवढेच. तरी तिला पुन्हा विमानात जागा नाही. तिचे तुकडे करतात, नाहीतर न पुसणारी खूण करून तिला भंगारात काढतात. मोठ्या विमानातली अशी एकेक चकती कोटीच्या घरातली असते. वीस हजार एकावे उड्डाण तिने सुखरूप केले असते का? जवळपास नक्कीच केले असते. मग धडधाकट वस्तू फेकायची कशाला?

हा प्रश्न भाबडा नाही. गेली चार दशके इंजिन बनवणारे, विमान कंपन्या, लष्कर आणि नियामक याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्यांची उत्तरे आणि त्या उत्तरांमागचे अपघात एकत्र मांडले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आयुष्यमर्यादेचा आकडा दोन खांबांवर उभा असतो. धातू जसा आहे असे धरले तसाच तो असला पाहिजे, आणि वहीत जे लिहिले तेच प्रत्यक्षात घडलेले असले पाहिजे. आकडेमोड क्वचित चुकते. खचतात ते हे खांब.

आधी चकतीच का, ते पाहू. इंजिनात हजारो भाग असतात, पण सक्तीची आयुष्यमर्यादा असते ती मोजक्यांना, एका इंजिनात साधारण वीस-पंचवीस भागांना: पंख्याची चकती, काँप्रेसर आणि टर्बाइनच्या चकत्या, त्यांना जोडणारे दंड, काही फिरत्या सील. या धंद्यातली माणसे त्यांना सरळ ‘एलएलपी’ (लाइफ लिमिटेड पार्ट) म्हणतात. बाकीचे भाग झिजले की बदलतात, मोडले की दुरुस्त करतात. पंख्याचे पाते तुटले तरी इंजिनाच्या कवचाने ते आत अडवले पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. नव्या इंजिनाला परवाना देण्याआधी पूर्ण वेगात फिरणारे एक पाते मुद्दाम स्फोटाने तोडून ही चाचणी घेतात. चकतीसाठी अशी चाचणी नाही, कारण तिचा अर्धा-पाऊण तुकडा अडवू शकेल असे कवच बनवले तर ते घेऊन विमान उडणारच नाही. मधल्या आकाराच्या प्रवासी विमानाच्या इंजिनात आतला दंड मिनिटाला चौदा-पंधरा हजार फेरे घेतो. त्या वेगात प्रत्येक पाते चकतीला कित्येक टनांच्या ओढीने बाहेर खेचत असते. चकती फुटली तर तिचे तुकडे इंधनाची टाकी, तेलाच्या नळ्या, प्रवाशांची केबिन यांतले जे वाटेत येईल ते कापत जातात. म्हणून तिच्या बाबतीत सुरक्षेचा एकच मार्ग उरतो: ती फुटताच कामा नये.

पात्यांचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही, हे १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत दिसले. साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ च्या इंजिनातले एक पाते मुळाशी तुटले. बाहेरच्या आवरणाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि एका प्रवासी स्त्रीचा जीव गेला. त्या पात्याने ३२ हजारांहून जास्त उड्डाणे केली होती आणि त्याला आयुष्यमर्यादा नव्हतीच. त्यानंतर अशा पात्यांची ध्वनिलहरींनी वारंवार तपासणी सक्तीची झाली. एखाद्या भागाला मर्यादा लावायची की नाही, ही रेषा कागदावर ठळक दिसते. प्रत्यक्षात ती अपघातांनी सरकवलेली आहे.

मर्यादा तासांत नसते, चक्रांत असते. एक उड्डाण म्हणजे एक चक्र: इंजिन सुरू, पूर्ण जोर, उड्डाण, उतरणे, इंजिन बंद. धातूला दमवते ती ही चढउतार. तासन्‌तास एकसारख्या वेगात फिरणे त्याला तितके जड जात नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते, हे लहानपणी सगळ्यांनीच केलेले आहे. म्हणून मुंबई-नागपूरचे सव्वा-दीड तासाचे उड्डाण आणि एखादे दहा तासांचे उड्डाण चकतीच्या खात्यात सारखेच, एक-एक. दिवसाला सहा फेऱ्या करणारे देशांतर्गत विमान वर्षाला सुमारे २,२०० चक्रे खर्च करते, म्हणजे वीस हजारांची चकती नऊ वर्षांत संपते. दिवसाला दोनदाच उडणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानात पंधरा हजारांची चकतीही वीस वर्षे पुरते.

हा आकडा येतो कुठून? धातूचे शेकडो नमुने यंत्रात ओढून-सोडून तोडतात. पूर्ण चकत्या निर्वात खड्ड्यात फिरवून फोडतात. इंजिनातल्या प्रत्येक कोपऱ्यातले तापमान आणि ताण गणिताने काढतात. मग प्रश्न असा ठेवतात की हजारातल्या सगळ्यात दुबळ्या चकतीवर पाऊण मिलिमीटरच्या आसपासची पहिली भेग किती चक्रांनी येईल. ती येण्याची वेळ म्हणजेच सगळ्यांची मुदत. उरलेल्या नऊशे नव्याण्णव चकत्या धडधाकट असतानाच निवृत्त होतात, कारण दुबळी नेमकी कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर हेच, आणि ते मला पूर्ण पटते. पण त्यात एक अध्याहृत अट आहे. चकती त्या नमुन्यांच्याच कुळातली असली पाहिजे.

१९ जुलै १९८९ ला ती अट मोडली.

युनायटेड कंपनीचे डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला चालले होते. त्याच्या शेपटीतल्या इंजिनातली पंख्याची चकती आकाशात फुटली. तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, असा त्यामागचा विचार. तुकड्यांनी तिन्ही एकदम निकामी केल्या. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच यांनी पंखांखालच्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणले. विमानात २९६ जण होते. त्यांतले ११२ गेले, १८४ वाचले. चकती मात्र सापडेना. ऑक्टोबरात मक्याची काढणी सुरू झाली तेव्हा आल्टा नावाच्या गावाजवळच्या शेतात तिचे मोठे तुकडे मिळाले.

सुमारे ३२ इंच व्यासाची, १६८ किलो वजनाची टायटेनियमची चकती. मर्यादा १८,००० चक्रे, आणि झालेली १५,५०३. म्हणजे मुदत शिल्लक होती. तिच्या मधल्या भोकाच्या पृष्ठभागाशी नायट्रोजनमुळे कडक आणि ठिसूळ झालेला टायटेनियमचा एक कण होता. १९७१ मध्ये धातू वितळवतानाच तो आत राहिला होता. भाकरीच्या पिठात राहिलेला खडा जसा. घडाईत, कातण्यात तो कण निसटून बारीकसा खळगा उरला आणि तिथून अगदी सुरुवातीच्या उड्डाणांपासून भेग वाढत गेली. अठरा हजार उड्डाणांनी पहिली भेग येईल, असे गणित जिच्यासाठी मांडले त्या चकतीला जन्मतःच भेगेचे बीज होते.

आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. फुटण्याच्या ७६० उड्डाणे आधी या चकतीची तपासणी झाली होती. पृष्ठभागावर चमकणारे द्रव लावून अतिनील प्रकाशात भेग शोधायची, ही पद्धत. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने काढलेल्या निष्कर्षानुसार तेव्हा भेग जवळपास अर्धा इंच लांब होती. ती दिसायला हवी होती. दिसली नाही. मंडळाने त्यासाठी तपासणी पद्धतीत माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार न झाल्याकडे बोट दाखवले. वर्षानुवर्षे ज्या भागावर काहीच सापडत नाही तिथे आज काही सापडेल, अशा अपेक्षेने डोळा ताणून पाहणे किती अवघड असते, हे कुठल्याही निगुतीच्या कामातल्या माणसाला कळेल. त्या तपासनिसाला दोष देऊन हात झटकता येत नाहीत.

या अपघाताने टायटेनियम वितळवण्याची पद्धत बदलण्याला जोर आला. दोनदाऐवजी तीनदा वितळवणे आधीच सुरू झाले होते. आता उथळ भट्टीत वितळवून जड कण खाली बसू देण्याची रीत पुढे आली. गणितही बदलले. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने चकत्यांसाठी नवे मार्गदर्शन काढले. त्यात धातू शुद्ध आहे असे धरायचेच नाही. खोट कुठे तरी असणारच, मग ती अमुक आकाराची असण्याची शक्यता किती, अमुक जागी असण्याची किती, तपासणीत सुटण्याची किती, अशी सगळी गुंफण करून चकती फुटण्याचा धोका एक अब्ज चक्रांत एकापेक्षा खाली ठेवायचा. माझ्या मते या क्षेत्रातला विचाराचा सगळ्यात मोठा बदल हाच. आधीचे गणित निर्दोष वस्तूचे होते. नवे गणित दोष गृहीत धरते.

त्याआधीच दुसऱ्या प्रकारची खोट समोर आली होती. ६ जुलै १९९६ ला फ्लॉरिडातल्या पेन्साकोलात डेल्टा कंपनीच्या एमडी-८८ चा पंख्याचा हब (पाती धरणारी चकती) धावपट्टीवरच फुटला आणि एक आई आणि तिचा मुलगा गेले. हबची मर्यादा २०,००० चक्रे, झालेली १३,८३५. इथे धातू चांगला होता, पण कारखान्यात एक भोक पाडताना ड्रिल तापले, त्या जागचा धातू कडक झाला आणि तिथून भेग सुरू झाली. २८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोच्या ओहेर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ च्या टर्बाइनची चकती उड्डाणाच्या धावेत फुटली. इंधन पेटले, विमान धावपट्टीवर जळाले. १७० जण बाहेर पडले, एकाला गंभीर दुखापत. चकतीचा एक तुकडा सुमारे नऊशे मीटर दूर, एका कुरिअर कंपनीच्या गोदामाच्या छपरातून आत पडला. मर्यादा १५,०००, झालेली १०,९८४. या वेळी निकेलच्या मिश्रधातूत मिश्रण विस्कटलेला एक डाग होता, जो चकती बनवली त्या काळच्या तपासणीत पकडताच येत नव्हता.

३० सप्टेंबर २०१७ ला ग्रीनलँडवर एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या इंजिनाचा संपूर्ण पंखाच गळून पडला. विमान पॅरिसहून लॉस एंजलिसला चालले होते. ते कॅनडात गूज बे इथे सुखरूप उतरले. हबचा हरवलेला तुकडा हाती आल्याशिवाय कारण कळणार नव्हते. फ्रान्सच्या तपास संस्थेने हिमनदीवर रडार फिरवले, आणि अखेर जून २०१९ मध्ये कित्येक मीटर बर्फाखालून तो तुकडा निघाला. त्यात खडा नव्हता, ड्रिलची चूक नव्हती, डाग नव्हता. टायटेनियमच्या कणांचे पुंजके एकाच दिशेला झुकलेले होते आणि उड्डाणाच्या वेळी ताण काही काळ तसाच धरून ठेवला की, तापमान कमी असतानाही, अशा पुंजक्यात आतल्या आत भेग जन्म घेते. हा प्रकार १९७० च्या दशकापासून माहीत होता, पण या जातीच्या मिश्रधातूला तो लागू होईल असे कुणी धरले नव्हते. गणितच अपुरे ठरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तो हब तर त्याच्या मुदतीच्या खूपच अलीकडे होता.

या चारही चकत्या मर्यादेच्या आत फुटल्या. मग मर्यादेचा उपयोगच काय, असे कुणी विचारेल. पण मर्यादा आहे म्हणूनच थकव्याने, निव्वळ म्हातारपणाने फुटलेल्या चकत्या या यादीत नाहीत. आपल्याला दिसतात ते तिच्या आवाक्याबाहेरचे अपघात. आवाक्यातले घडतच नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

लष्करात या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले गेले. अमेरिकी हवाई दलाने १९८० च्या दशकात एफ-१०० इंजिनासाठी ‘कारण असेल तरच निवृत्ती’ असे धोरण आणले. सान अँटोनियोच्या तळावर यंत्राने चालणारी तपासणी उभारली. भेग नसेल तर चकती मुदतीनंतरही पुन्हा इंजिनात. हजारातल्या नऊशे नव्याण्णव चकत्या वाचवण्याचा हा सरळ मार्ग. पण तो एका तपासणीपासून पुढच्या तपासणीपर्यंत भेग फुटण्याइतकी वाढणार नाही या भरवशावर चालतो, आणि तपासणी यंत्र किती बारीक भेग पकडते यावर सगळे अवलंबून. प्रवासी विमानांनी हा मार्ग घेतला नाही. सू सिटीतली अर्धा इंच भेग आठवली की का घेतला नाही ते समजते. आपल्याकडे मिग-२१ सारखी सोव्हिएत घराण्यातली विमाने वेगळ्या रिवाजाने चालली: तास, वर्षे आणि ठरावीक ओव्हरहॉल यांत मोजलेली मुदत. एकच इंजिन असलेल्या विमानात या मुदतीचा अर्थ वैमानिकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ही विमाने हवाई दलातून निवृत्त झाली.

जन्मतः ठरलेली मुदत एक, आणि नंतर अचानक कापली जाणारी मुदत दुसरी. खोट ध्यानात आली की अमेरिकी किंवा युरोपीय नियामक उड्डाणयोग्यतेचा आदेश काढतो: अमुक अनुक्रमांकांचे भाग इतक्या उड्डाणांच्या आत तपासा, इतक्यांच्या आत बदला. भारतात हे आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयामार्फत, म्हणजे डीजीसीएमार्फत बंधनकारक होतात. आपल्या प्रवाशांनी याचा तडाखा खाल्ला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपीय नियामक संस्थेने प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनातल्या काँप्रेसरच्या मागच्या हबबाबत तातडीचा आदेश काढला. १२ मार्चला अहमदाबादहून लखनौला निघालेले इंडिगोचे विमान एक इंजिन बंद पडून परतले आणि त्याच दिवशी डीजीसीएने अशी इंजिने असलेली ११ विमाने जमिनीवर बसवली, इंडिगोची ८ आणि गोएअरची ३. पुढच्या वर्षी त्याच इंजिनातल्या कमी दाबाच्या टर्बाइनची पाती तुटू लागली. १ नोव्हेंबर २०१९ ला आदेश निघाला: इंडिगोने ९७ विमानांची इंजिने सुधारित पात्यांची करून घ्यावीत, मुदत ३१ जानेवारी २०२०. ती पुढे वाढवली गेली, कारण सुधारित इंजिने तेवढी मिळतच नव्हती. सक्तीच्या बदलाला पुरवठ्याची जोड नसली की नियामकासमोर दोनच वाटा राहतात, विमाने उभी करणे किंवा तारीख पुढे ढकलणे. २०१९-२० मध्ये दुसरी निवडली गेली. धोक्याचे गणित करून ती निवडली असेल, तर ते गणित लोकांसमोर यायला हवे होते.

मग आले पावडरचे प्रकरण. टर्बाइनच्या चकत्या हल्ली निकेलच्या मिश्रधातूच्या बारीक भुकटीपासून बनवतात: भुकटी दाबून, तापवून, घडवून. भुकटीत कणांची रचना एकसारखी मिळते, ताकद वाढते. पण भुकटीत परका कण शिरला तर तो शोधणे तितकेच अवघड. मार्च २०२० मध्ये हो ची मिन्ह शहरात व्हिएतनाम एअरलाइन्सच्या एका एअरबसच्या टर्बाइनचा हब फुटला. डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका एअरबसच्या काँप्रेसरचा भाग धावपट्टीवर तुटला. दोन्ही ठिकाणी धागा भुकटीपर्यंत गेला. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने जाहीर केले की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या भागांत ही खोट असू शकते. सप्टेंबरात आकडा आला: २०२६ पर्यंत ६०० ते ७०० जादा इंजिने काढावी लागणार, आणि २०२४ ते २०२६ या काळात जगभर सरासरी ३५० विमाने जमिनीवर राहणार. भारतात इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने एका वेळी उभी होती. मुंबईच्या गो फर्स्टने, म्हणजे आधीच्या गोएअरने, २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज करताना याच घराण्यातल्या इंजिनांवर खापर फोडले होते. पण ती तक्रार आधीच्या बिघाडांची आणि वेळेवर न मिळणाऱ्या इंजिनांची होती, भुकटीची गोष्ट त्यानंतर सुमारे पावणेतीन महिन्यांनी बाहेर आली. दोन्ही गोष्टी एकात मिसळून सांगितल्या जातात, म्हणून हे लिहिले.

इथवर धातूच्या खांबाचा विचार झाला. दुसरा खांब कागदाचा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते.

चकतीकडे नुसते पाहून तिची चक्रे सांगता येत नाहीत. झाडाला वर्षांची वलये असतात, चकतीला काही नसते. तिचे वय फक्त वहीत असते. म्हणून प्रत्येक आयुष्यमर्यादित भागासोबत त्याच्या जन्मापासूनची अखंड नोंद चालते: कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाला, कोणत्या इंजिनात, कोणत्या विमानात, किती जोराच्या प्रकारात किती चक्रे, कुठे उतरवला, कुणाच्या सहीने पुन्हा बसवला. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, त्यावर फेरफार चढतात, आणि मधला एक फेरफार गायब असेल तर जमीन डोळ्यांसमोर असूनही व्यवहार अडतो. चकतीचेही अगदी तसेच. मधल्या दोन वर्षांची नोंद हरवली तर भाग उत्तम असला तरी त्याची किंमत शून्य होते आणि तो भंगारात जातो. हे कठोर वाटते. पण वय ठाऊक नसलेल्या चकतीबद्दल कोणतेही गणित काही सांगू शकत नाही.

सू सिटीच्या तपासातही कागदाची एक गुंतागुंत निघाली होती. त्या काळच्या नोंदींत एकाच अनुक्रमांकाच्या दोन चकत्या दिसत होत्या. एक ध्वनिलहरींच्या तपासणीत नापास झालेली, दुसरी विमानात बसलेली. धातू कोणत्या वितळणीतून आला याच्याही नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. तिथल्या कणाचे मूळ शोधताना तपास अधिकाऱ्यांना धातुशास्त्राइतकाच वेळ कागदांवर घालवावा लागला.

शिल्लक चक्रांना भाव असतो. जुनी विमाने मोडतात तेव्हा त्यांच्या इंजिनातल्या ज्या चकत्यांची आठ-दहा हजार चक्रे बाकी आहेत त्या विकल्या जातात, भाव उरलेल्या चक्रांच्या हिशेबाने. कार्यशाळेत इंजिन उघडले की हाच हिशेब बसतो. एका चकतीची दोन हजार चक्रे बाकी, दुसरीची नऊ हजार. दोन हजारांची आत्ताच फेकायची की लवकरच पुन्हा इंजिन उतरवायचे? बऱ्याचदा शिल्लक असतानाच फेकावी लागते. म्हणजे वहीतली प्रत्येक ओळ पैशांत मोजता येते, आणि जिथे ओळ पैशांत मोजता येते तिथे ती बदलण्याचा मोहही असतो. मुदत संपलेले भाग परत बाजारात येऊ नयेत म्हणून अमेरिकी संसदेने २००० मध्ये कायदा केला आणि २००२ मध्ये नियम आला: उतरवलेला आयुष्यमर्यादित भाग खूण करून, चिठ्ठी लावून, वेगळा ठेवून किंवा नष्ट करून असा हाताळा की तो चुकून पुन्हा बसणार नाही.

२०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स नावाच्या पुरवठादाराच्या खोट्या प्रमाणपत्रांचे प्रकरण उघडले. पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या अभियंत्यांना एका भागाच्या कागदांत विसंगती दिसली, आणि मग जगभर शंभराहून अधिक इंजिनांत तिथून आलेले भाग निघाले. ते मुख्यतः बारीकसारीक भाग होते, चकत्या नव्हत्या. पण ती इंजिने उघडावी लागलीच, कारण कागद खोटा ठरल्यावर भागाबद्दल कुणालाच काही ठाऊक उरत नाही.

आणि आपल्याकडचे प्रकरण. युरोपीय नियामक संस्थेने २०२३ मध्ये लीप नावाच्या इंजिनातल्या काही सील आणि फिरत्या भागांत निर्मितीची खोट असल्याचे सांगून ते ठरलेल्या मुदतीत बदलण्याचा आदेश काढला होता. जुलै २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका एअरबसमध्ये हे काम मुदतीत झाले नाही, आणि ते झाले असे दाखवण्यासाठी नोंदी बदलल्याचे दिसते, असे डीजीसीएने मार्चमध्ये कंपनीला कळवले होते. कंपनीने डीजीसीएकडे चूक मान्य केली, सुधारणा केल्याचे सांगितले, आणि नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या स्थलांतरात तारीख नजरेतून सुटल्याचे कारण दिले. संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. जून २०२५ मध्ये अहमदाबादला झालेल्या एअर इंडियाच्या विमान अपघाताशी याचा काही संबंध नव्हता आणि तो जोडू नये.

तारीख सुटणे ही एक चूक. ती कळल्यावर नोंद मागे नेऊन लिहिली जाणे हे फार वेगळे आहे. उशिरा बदललेला भाग कोणत्या चक्राला बदलला हे खरे लिहिले असेल तर पुढचे गणित पुन्हा मांडता येते. खोटे लिहिले तर त्या इंजिनातल्या इतर प्रत्येक आकड्यावरचा विश्वास उडतो. नागपूरच्या मिहानमधल्या देखभाल केंद्रात किंवा मुंबईच्या हँगरमध्ये रात्रपाळीला परवानाधारक अभियंता ज्या वहीवर सही करतो, तिच्यावर पुढे वीस वर्षे कुणीतरी डोळे मिटून भरवसा ठेवणार असतो. त्या सहीवर वेळापत्रकाचे दडपण येऊ नये याची जबाबदारी सही करणाऱ्या एकट्याची नाही. विमान उभे राहिल्याने ज्याचे नुकसान होते, त्या व्यवस्थापनाचीही आहे.

अमेरिकेत सू सिटीपासून शिकागोपर्यंतचे सगळे अहवाल छापील स्वरूपात लोकांसमोर आहेत. चक्रांचे आकडे, वितळणीची वर्षे, तपासनिसाचे काय चुकले, सगळे. म्हणूनच हा लेख लिहिता आला. डीजीसीएचे मार्च २०२५ चे पत्र मात्र गोपनीय होते, आणि त्या विमानांतून प्रवास करणाऱ्यांना ते चार महिन्यांनी एका परदेशी वृत्तसंस्थेकडून कळले. कोणत्या विमानात कोणता सक्तीचा बदल मुदतीत झाला नाही, तो किती चक्रे उशिरा झाला आणि नोंदीचे काय झाले, याची यादी डीजीसीएने दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकावी. त्याला नवा कायदा लागत नाही. ही माहिती त्यांच्याकडे आधीच असते.